संशयाकडून निर्णयाकडे : मानवी मन आणि संभाव्यतेचे गणित

दूर अंतरावर काहीतरी पांढरे दिसते. तो बगळा आहे की पताका? तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आचार्य पूज्यपादांनी मतिज्ञानाचे टप्पे समजावून देताना हा साधा दृष्टांत घेतला आहे. प्रथम काहीतरी शुभ्र आहे एवढेच ग्रहण होते, तो अवग्रह. मग त्या शुभ्र रूपाचा विशेष जाणून घेण्याची मनाची ओढ सुरू होते, ती ईहा. ती आकृती वर उठते, खाली येते, पंख फडफडविते, अशी लक्षणे दिसल्यावर हा बगळाच, पताका नव्हे, असा निश्चय होतो, तो अवाय. आणि सकाळी पाहिलेला तोच हा बगळा, असे कालांतराने ओळखता येणे ही धारणा. पाठशाळेत हे चार शब्द बहुतेकांनी पाठ केलेले असतात. परंतु ईहा आणि संशय यांतील भेद पुष्कळदा निसटतो. संशयात मन दोन्ही बाजूंना सारखेच लोंबकळत राहते. ईहेत ते निर्णयाच्या दिशेने एका बाजूकडे झुकू लागते. पुढील आचार्यांनी हा खुलासा आवर्जून केला आहे.

हे झुकणे नेमके कसे घडते? किती पुराव्याने किती झुकावे याला काही नियम आहे काय, आणि असल्यास मानवी मन तो पाळते काय? गेली अडीचशे वर्षे पाश्चात्त्य गणिती आणि गेली सहा दशके मानसशास्त्रज्ञ या प्रश्नाशी झुंजत आले आहेत. त्यांचे उत्तर एकदा ‘होय’, मग ‘नाही’ आणि पुन्हा काही अंशी ‘होय’ असे फिरत गेले. या वादात मध्येच एका भारतीय संख्याशास्त्रज्ञाने स्याद्वादाचे नाव आणले, म्हणून जैन समाजात या विषयाचा उल्लेख अभिमानाने होतो. तो अभिमान कितपत साधार आहे, हेही या निमित्ताने तपासून पाहणे योग्य ठरेल.

आरंभ इंग्लंडमधून होतो. थॉमस बेझ हे टनब्रिज वेल्स या गावचे ख्रिस्ती धर्मोपदेशक. १७६१ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या कागदपत्रांत एक अप्रकाशित निबंध सापडला. त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनी तो नीटनेटका करून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला व २३ डिसेंबर १७६३ रोजी तो तेथे वाचला गेला. घडलेल्या गोष्टींवरून त्यांच्यामागील न दिसणाऱ्या कारणाचा अंदाज किती विश्वासाने बांधता येईल, हा त्या निबंधाचा विषय. हयातीत बेझ यांनी तो छापला नाही. आज मात्र त्यांचे नाव जगभरच्या विद्यापीठांत घेतले जाते ते केवळ त्या एका निबंधामुळे.

बेझ यांचा नियम पूज्यपादांच्या बगळ्यावरच समजून घेता येतो. समजा, एका तळ्याकाठी दुरून दिसणाऱ्या १०० शुभ्र आकृतींपैकी ७० बगळे आणि ३० पताका असतात, असा पूर्वानुभव आहे. वर-खाली फडफड करताना दहापैकी आठ बगळे दिसतात. पताका वाऱ्याने तशी फडफडताना दहापैकी दोनदाच भासते. आता फडफड दिसली. ७० बगळ्यांपैकी ५६ असे दिसले असते, ३० पताकांपैकी ६. म्हणजे अशा ६२ प्रसंगांपैकी ५६ वेळा तो बगळाच निघणार. विश्वास सुमारे ९० टक्के. पण हीच फडफड उत्सवाच्या दिवशी मंदिराच्या शिखराजवळ दिसली तर? तेथे १०० पैकी ९० पताका आणि १० बगळे. फडफडणारे बगळे ८, तशा भासणाऱ्या पताका १८. विश्वास ३१ टक्क्यांवर येतो. डोळ्यांना दिसलेले लक्षण तेच, निष्कर्ष उलटा. पूर्वीची धारणा आणि नवे लक्षण या दोहोंचा गुणाकार करून झुकावे, दोहोंपैकी एकालाही विसरू नये, एवढेच बेझ यांचे सांगणे. वाचायला हे सोपे वाटते. पुढचा सारा इतिहास यातील पहिली गोष्ट, म्हणजे पूर्वधारणा, माणूस कशी विसरतो याभोवती फिरतो.

बेझ यांच्या निबंधाची वार्ता नसतानाच फ्रान्सचे थोर गणिती लाप्लास यांनी १७७४ साली तोच नियम स्वतंत्रपणे मांडला आणि पुढे चाळीस वर्षे त्याचा विस्तार केला. संभाव्यतेचे शास्त्र म्हणजे शहाण्या माणसाच्या व्यवहारबुद्धीलाच दिलेले गणिती रूप होय, अशी त्यांची श्रद्धा होती. सूर्य गेली पाच हजार वर्षे रोज उगवला, तर तो उद्या उगवेल यावर १८,२६,२१४ ला १ अशी पैज लावता येईल, असा हिशेब त्यांनी १८१४ च्या आपल्या ग्रंथात दिला. मात्र सूर्य का उगवतो हे ज्याला ठाऊक आहे त्याचा विश्वास याहून कितीतरी मोठा असेल, हेही लगेच सांगून टाकले. ज्यांना हा हिशेब हास्यास्पद वाटतो ते बहुधा ही पुस्ती वाचत नाहीत.

याच लाप्लास यांनी त्याच ग्रंथात संभाव्यतेचा अंदाज घेताना होणाऱ्या भ्रमांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. फ्रान्सच्या सरकारी लॉटरीत एखादा अंक बरेच दिवस निघाला नाही की लोक त्यावरच पैसे लावण्यास धावत, जणू त्या अंकावर निघण्याचे कर्ज चढले आहे! पुत्राची आस धरलेले बाप गावात त्या महिन्यात मुलगे अधिक जन्मले हे ऐकून चिंतेत पडत. मुंबईत मटक्याच्या आकड्यांचे तक्ते पुढ्यात घेऊन बसलेली माणसे ज्यांनी पाहिली असतील त्यांना या वर्णनात परके काही वाटणार नाही. त्या मटक्याचा उगमही न्यूयॉर्कच्या रूईबाजारात उघडणाऱ्या व बंद होणाऱ्या भावांवरील पैजांतूनच झाला होता. तात्पर्य, मन संभाव्यतेने चालते असे म्हणणारा पहिला मोठा माणूसच मन त्यात कोठे ठेचाळते याचीही नोंद ठेवीत होता. नंतरच्या पक्षोपपक्षांनी यातील एकेक अर्धाच उचलला.

एकोणिसाव्या शतकात या विचाराला ओहोटी लागली. पुवासाँ यांनी १८३७ मध्ये न्यायनिवाड्यांची संभाव्यता गणिताने मांडू पाहिली; पण पंचांची मते आणि साक्षीदारांची सचोटी जणू नाणेफेक आहे असे समजून केलेला हा हिशेब जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारख्यांना गणिताची शोभा करणारा वाटला. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचाराचे नियम शोधण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात तर्काबरोबर संभाव्यतेलाही स्थान दिले, परंतु काहीच माहिती नसताना दोन्ही बाजू समान धराव्यात या लाप्लास यांच्या गृहीतकावर आक्षेपही घेतला. मनाच्या अभ्यासाच्या दृष्टीने त्या शतकातील महत्त्वाचे नाव मात्र जर्मन वैद्य व भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचे. पाहणे हेच एक अबोध अनुमान आहे, असे त्यांनी दृष्टिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. मिटलेल्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबले तर प्रकाशाचा ठिपका नाकाच्या बाजूला भासतो. कारण डोळ्याचा तो भाग एरवी नाकाच्या बाजूने येणाऱ्या प्रकाशानेच उद्दीपित होतो. मन सवयीप्रमाणे त्याच कारणाचे अनुमान करते. बोट आपलेच आहे हे ठाऊक असूनही ठिपका हटत नाही. जाणतेपणी केलेला विचार आणि इंद्रियांच्या पातळीवर आपोआप होणारे अनुमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा म्हणता येईल.

आता भारताकडे वळू. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली ‘डायलेक्टिका’ या स्वित्झर्लंडमधील तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात संख्याशास्त्राच्या अधिष्ठानावर एक निबंध लिहिला. तोच १९५७ मध्ये त्यांच्या ‘सांख्य’ या नियतकालिकातही आला. पाश्चात्त्य तर्कशास्त्राला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच बाजू माहीत आहेत. जैनांच्या सप्तभंगीत ‘अवक्तव्य’ ही तिसरी मूलभूत बाजू आहे आणि तिच्यासह होणाऱ्या सात मिश्रणांत संभाव्यतेच्या विचाराला लागणारी तार्किक पार्श्वभूमी सापडते, असे त्यांनी नाणेफेकीच्या उदाहरणावरून दाखविले. त्याच वर्षी भारतात स्थायिक झालेले इंग्रज जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी ‘सांख्य’मध्येच स्याद्वादाच्या विधानपद्धतीवर स्वतंत्र निबंध लिहिला. मनाच्या प्रश्नाशी अधिक जवळचा आहे तो हा दुसरा निबंध. कडू पदार्थाचे द्रावण उत्तरोत्तर पातळ करीत गेले तर एका मर्यादेनंतर चव लागत नाही. त्या मर्यादेपाशी चाखणाऱ्याला विचारले की हे कडू आहे काय, तर तो कधी ‘होय’ म्हणतो, कधी ‘नाही’. आणि मोकळीक दिली तर कधी ‘सांगता येत नाही’ असेही म्हणतो. हे तिसरे उत्तर हा चाखणाऱ्याचा दोष नसून त्याच्या ज्ञानाची ती खरी अवस्था आहे, आणि सप्तभंगी तिला जागा देते, हे हॉल्डेन यांना भावले.

या दोन निबंधांवरून स्याद्वाद म्हणजेच संभाव्यताशास्त्र, असे विधान आपल्याकडील व्याख्यानांत व स्मरणिकांत सर्रास केले जाते. ते सावधपणे केले पाहिजे. महालनोबिस यांनी स्वतः साम्य सांगितले ते गुणात्मक. संभाव्यतेचे मापन स्याद्वादात होते असा त्यांचा दावा नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘स्यात्’ या निपाताचा अर्थ ‘कदाचित्’ असा नाही. तो ‘कथंचित्’, म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, असा आहे. घट स्वतःच्या द्रव्य, क्षेत्र, काळ व भाव यांच्या अपेक्षेने आहे आणि पटाच्या अपेक्षेने नाही. या दोन्ही विधानांत तिळमात्र अनिश्चितता नाही. स्याद्वादाला संशयवाद ठरविणाऱ्या प्राचीन प्रतिपक्षांना आचार्यांनी शतकानुशतके हेच उत्तर दिले. आता आधुनिक विज्ञानाशी नाते जोडण्याच्या हौसेने आपणच ‘स्यात्’चा अर्थ ‘शक्य आहे’ असा करू लागलो, तर त्या प्रतिपक्षाचेच म्हणणे मान्य केल्यासारखे होईल. संभाव्यता ही जाणणाऱ्याच्या अपुऱ्या माहितीचे माप आहे. स्याद्वाद वस्तूच्या अनेक धर्मांविषयी बोलतो. जैन विचारात प्रस्तुत प्रश्नाच्या अधिक निकट असे काही शोधायचेच असेल तर ते सप्तभंगीपेक्षा ईहेत सापडेल, कारण पुराव्यागणिक मनाचे झुकणे तेथे आहे. मात्र किती झुकावे याचे गणित तेथेही नाही आणि ते तेथे असावे अशी अपेक्षाही अनुचित होय.

ते गणित प्रयोगशाळेत आणले अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे वॉर्ड एडवर्ड्स यांनी, १९६० च्या दशकात. त्यांचा प्रयोग असा. दोन पिशव्या आहेत. एकीत ७०० लाल व ३०० निळ्या चकत्या, दुसरीत ३०० लाल व ७०० निळ्या. कोणती पिशवी कोणती हे ठाऊक नाही. एक पिशवी घेऊन न पाहता एक चकती काढायची, रंग नोंदवून ती परत टाकायची, असे बारा वेळा करायचे. आठ लाल आणि चार निळ्या निघाल्या. तर ही पिशवी अधिक लाल चकत्यांची असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक ७० ते ८० टक्के सांगतात. बेझ यांच्या नियमाने उत्तर ९७ टक्के येते. चार निळ्यांनी चार लाल खोडल्या, उरल्या चार लाल. प्रत्येक लाल चकती तराजू सात-तीनाच्या प्रमाणात झुकविते. ते प्रमाण चार वेळा गुणले की सुमारे ३० ला १ होते. घाऊक बाजारात गाठ फोडून चार-दोन ताग्यांवरून साऱ्या मालाचा अंदाज बांधणाऱ्यांना हा प्रयोग अनोळखी वाटू नये. आश्चर्य वाटेल ते चार अधिक चकत्यांत एवढा पुरावा दडलेला असतो याचेच. एडवर्ड्स यांचा निष्कर्ष असा की मन योग्य दिशेला झुकते, पण पुरेसे झुकत नाही. एका निरीक्षणाचे काम त्याच्याकडून करवून घ्यायला दोन ते पाच निरीक्षणे खर्ची पडतात. तरीही १९६७ सालच्या एका आढाव्यात पीटरसन आणि बीच या अभ्यासकांनी माणूस हा एक उपजत संख्याशास्त्रज्ञच आहे, असा एकंदर अनुकूल कौल दिला.

हा कौल सात वर्षेही टिकला नाही. १९६९ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात, मिशिगनमध्ये शिकून आलेले अमोस ट्वर्स्की हे आपले सहकारी डॅनियल कानेमन यांच्या वर्गात या संशोधनाविषयी बोलण्यास आले. कानेमन यांना ते सारे पटले नाही. माणसे आपला अंदाज हळू बदलतात हा अनुभव त्यांना नव्हताच. उलट ती एका झटक्यात निष्कर्षावर उडी मारतात, असे त्यांचे म्हणणे. त्या मतभेदातून एक विलक्षण सहकार्य जन्मास आले. १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने साऱ्या क्षेत्राची दिशा बदलली. मन संभाव्यता मोजत नाही. ते सारखेपणा पाहते, चटकन आठवणाऱ्या गोष्टीला वारंवार घडणारी गोष्ट समजते आणि पहिल्या ऐकलेल्या आकड्याला चिकटून राहते, असे त्यांनी एकामागून एक प्रयोगांनी दाखविले.

त्यांचे टॅक्सीचे कोडे प्रसिद्ध आहे. एका शहरात ८५ टक्के टॅक्सी हिरव्या कंपनीच्या व १५ टक्के निळ्या कंपनीच्या आहेत. रात्री एका टॅक्सीने अपघात करून पळ काढला. साक्षीदार सांगतो, ती निळी होती. चाचणी घेता असे आढळले की अशा प्रकाशात तो दहापैकी आठ वेळा रंग बरोबर ओळखतो. तर ती टॅक्सी निळी असण्याची शक्यता किती? बहुतेकांचे उत्तर ८० टक्के. आता १०० टॅक्सी डोळ्यांपुढे आणाव्यात. १५ निळ्यांपैकी १२ निळ्या म्हणून ओळखल्या जातील. ८५ हिरव्यांपैकी १७ चुकून निळ्या म्हटल्या जातील. एकूण २९, त्यांपैकी खऱ्या निळ्या १२. म्हणजे ४१ टक्के. साक्षीदार विश्वासू असूनही टॅक्सी हिरवी असण्याचाच संभव अधिक! साक्षीदाराचे वजन लोकांनी घेतले, शहरातील टॅक्सींचे प्रमाण विसरले. शिखराजवळची फडफड पाहून बगळा म्हणणाऱ्याची हीच चूक.

ही केवळ कोडी राहिली असती तर फारसे बिघडले नसते. परंतु १९८२ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड एडी यांनी स्तनांच्या क्ष-किरण तपासणीविषयी वैद्यकीय तज्ज्ञ कसा विचार करतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १०० पैकी एका स्त्रीलाच कर्करोग असतो, तपासणी १०० पैकी ८० रोगी अचूक शोधते आणि निरोगी स्त्रियांपैकी सुमारे दहा टक्क्यांना चुकून रोगी ठरविते, अशा परिस्थितीत तपासणी प्रतिकूल आलेल्या स्त्रीला खरोखर कर्करोग असण्याची शक्यता किती? एडी यांनी विचारलेल्या १०० डॉक्टरांपैकी ९५ जणांनी सुमारे ७५ टक्के असे उत्तर दिले. खरे उत्तर आठ टक्क्यांच्या आसपास आहे. त्या दोन आकड्यांमधील अंतरात एखाद्या कुटुंबाची किती रात्रींची झोप उडते, हे सांगायला नको.

न्यायालयातील उदाहरण याहून दारुण आहे. इंग्लंडमधील एका वकील स्त्रीची दोन तान्ही बाळे, पहिले १९९६ व दुसरे १९९८ साली, अकस्मात दगावली. तिच्यावर खुनाचा खटला झाला. एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की अशा घरात दोन्ही मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे. एका मृत्यूची शक्यता ८,५४३ त एक. तिचा वर्ग करून हा आकडा काढला होता, जणू एकाच घरातील दोन भावंडांच्या प्रकृतीचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. आणि तो आकडा बरोबर मानला तरी एक प्रश्न कोणी विचारला नाही : आपल्याच दोन बाळांना ठार मारणारी आई किती विरळा असते? दोन विरळ गोष्टींची एकमेकींशी तुलना करावयाची असताना फक्त एक तराजूत घातली गेली. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याविरुद्ध जाहीर निषेध नोंदविला. २००३ मध्ये, दडून राहिलेला एक वैद्यकीय अहवाल पुढे आल्याने शिक्षा रद्द झाली. अपील न्यायालयाने त्या आकड्यावरही ताशेरे ओढले. २००७ साली ती स्त्री अकाली मरण पावली.

कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते. २०२४ साली कानेमन यांचेही निधन झाले. त्यांच्या कीर्तीच्या शिखरावर असतानाच जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी एक साधा पण मार्मिक आक्षेप घेतला. टक्केवारी ही माणसाने अलीकडे केलेली सोय आहे. मन हजारो वर्षे अनुभव घेत आले ते टक्क्यांत नव्हे, नगांत. १९९५ मध्ये त्यांनी व उलरिच हॉफ्रागे यांनी तीच तपासणीची समस्या अशी मांडली : १,००० स्त्रियांपैकी १० जणींना कर्करोग आहे, त्यांपैकी ८ जणींची तपासणी प्रतिकूल येते; उरलेल्या ९९० पैकी ९५ जणींचीही येते. प्रतिकूल आलेल्यांपैकी खऱ्या रोगी किती? १०३ पैकी ८. टक्केवारीत विचारले असता सहापैकी एखादाच बेझ यांच्या नियमाने उत्तर देई. नगांत विचारल्यावर जवळजवळ निम्मे लोक तसे देऊ लागले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, पण ज्यांचा बाजारातील आडाखा सहसा चुकत नसे, अशी माणसे जुन्या पेढ्यांवर पुष्कळ असत. त्यांचे रहस्य बहुधा यात असावे. तथापि निम्मे लोक तरीही चुकलेच, ही गोष्ट गिगेरेंझर यांचे चाहते थोडी हळू आवाजात सांगतात.

दरम्यान हेल्महोल्ट्झ यांच्या अबोध अनुमानाकडे संशोधक परत वळले होते. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की आठ महिन्यांची बाळे केवळ दोन मिनिटे अर्थहीन अक्षरांची साखळी ऐकून कोणते अक्षर कोणत्या अक्षरामागून अधिक वेळा येते हे टिपतात. २००२ मध्ये मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी डोळा आणि हात यांचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. एका उंचवट्याची उंची लोकांनी पाहून आणि चाचपून ओळखायची. दिसणे स्वच्छ असे तोवर मन डोळ्याचे ऐके. दृश्य मुद्दाम अस्पष्ट करीत नेले तसतसे ते हातावर अधिक भिस्त ठेवू लागले, आणि कोणाला किती वजन द्यावे याचे प्रमाण संभाव्यतेच्या गणिताने काढलेल्या प्रमाणाशी फार जवळून जुळले. सहभागी झालेल्या कोणालाही असा हिशेब आपण करीत आहोत याची जाणीव नव्हती. दिव्याच्या पिवळ्या उजेडात कापडाचा रंग पाहणारा ग्राहक नकळत पोत बोटांनी चाचपू लागतो, तेव्हा हेच घडत असले पाहिजे.

२००६ साली ग्रिफिथ्स व टेनेनबॉम यांनी दैनंदिन अंदाजांवर प्रयोग केला. अमुक वयाचा माणूस एकूण किती जगेल, भट्टीत इतकी मिनिटे असलेला केक एकूण किती वेळ लागून तयार होईल, असे प्रश्न. सर्वांची उत्तरे एकत्र करून मधले उत्तर काढले तर ते बेझ यांच्या नियमाने येणाऱ्या उत्तराच्या अगदी निकट होते. प्राचीन इजिप्तच्या राजांनी किती वर्षे राज्य केले, या प्रश्नावर मात्र लोकांचे उत्तर फार मोठे निघाले; अंदाजाची रीत बरोबर होती, पण राजवटींच्या खऱ्या लांबीचा अनुभव कोणाकडे असणार!

या यशाने काही अभ्यासक एवढे हुरळले की मेंदू म्हणजे बेझ यांच्या नियमाचे यंत्रच, अशी घोषणा होऊ लागली. २०१२ मध्ये बोअर्स आणि डेव्हिस यांनी त्यांना भानावर आणले. माणसाचे वर्तन पाहून मगच सोयीची पूर्वधारणा गृहीत धरली तर कोणतेही वर्तन शहाणपणाचे ठरविता येते, मग सिद्ध काय झाले, असा त्यांचा सवाल. तो रास्त आहे आणि त्याचे पुरते उत्तर मिळालेले नाही.

सध्याच्या मतांपैकी विचारार्ह वाटते ते ॲडम सॅनबॉर्न आणि निक चेटर यांनी २०१६ मध्ये मांडलेले. मनात संभाव्यतेचे आकडे नसतातच, असे ते म्हणतात. मन केवळ काही नमुने आठवते किंवा कल्पिते आणि त्यांवरून झुकते. नमुने पुष्कळ घेतले तर उत्तर बेझ यांच्या नियमाला येऊन मिळेल. पण वेळ थोडा, म्हणून मन दोन-चारांवरच भागविते. एकच यंत्रणा सर्वसाधारणपणे बरोबर आणि वेळप्रसंगी ठळकपणे चूक कशी ठरते, याचा उलगडा त्यामुळे होतो. पूज्यपादांच्या दृष्टांतात सांगायचे तर तळ्याकाठचा माणूस १०० आकृती मोजीत नाही. पूर्वी पाहिलेले दोन-चार बगळे आणि दोन-चार पताका त्याच्या मनापुढे येऊन जातात. उत्सव आटोपून दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर गेलेल्याला समोरचा बगळा क्षणभर पताकाच वाटावा, याचे कारण त्या दोन-चारांत आदल्या दिवशीच्या पताका अधिक असतात.